बोरघिल्ड मावशीच्या साच्याची बोली

नोरा लेक गावात आपल्या वस्तूची तारीफ आपणच करणं हे चर्चमध्ये प्रवचन चालू असताना सफरचंद खाण्यासारखं समजतात. नव्याकोऱ्या ट्रॅक्टरबद्दल विचारलं तर मालक म्हणतो, "ओढतो." पोरगी डॉक्टर झाली तर बाप म्हणतो, "लागली एकदाची कामाला." मिनेसोटातली ही नॉर्वेजियन मंडळी खोटं बोलत नाहीत; फक्त खऱ्यातला चांगला भाग शेजाऱ्याच्या तोंडून यायची वाट बघतात.

आर्डिस नीगार्ड याच मातीतली. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर निरोपाच्या पैशातून तिनं कॉम्प्युटर घेतला आणि घरातली अडगळ त्यावरून इंटरनेटच्या लिलावात विकायचं काढलं. अडगळीला तोटा नव्हता. तिच्या आणि नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या, मावश्या, आत्या एकेक करून देवाघरी गेल्या आणि जाताना आपापली भांडी मात्र नीगार्डांच्या तळघरात ठेवून गेल्या.

अडचण दुहेरी होती. एक तर इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं, त्यामुळे कॉम्प्युटर चालू असला की घरचा फोन बंद. दुसरी अडचण लव्हॉन, म्हणजे व्हर्लिनची बहीण. गावात नको झालेली प्रत्येक वस्तू चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत जायची, आणि तिथं किंमत ठरवण्याचा मान लव्हॉनचा.

"तासभर फोन लावतेय," दारातच बूट झटकत लव्हॉन म्हणाली. "वाटलं, गेलात की काय दोघं."

"गेलो असतो तर तुला कळवलं असतं," व्हर्लिन म्हणाला.

"काय विकलं गं मग आर्डिस?"

"अजून तरी काही नाही."

"पाद्रीबाबांच्या ऑफिसात कॉम्प्युटर हवाच आहे. उगाच इथं जेवणाचं टेबल अडवून बसलाय."

व्हर्लिनला त्या टेबलावर पत्ते मांडायची सवय. त्यानं लगेच संधी साधली. "शनिवारी विक्री आहे ना? तोवर एक तरी वस्तू खपव, आर्डिस. नाहीतर हा डबा लव्हॉनच्या गाडीत."

"बरं," आर्डिस म्हणाली. ती चिडली की एवढंच म्हणायची.

वस्तू खपत नव्हत्या त्याला कारण होतं. बाकीचे विक्रेते लिहायचे, 'दुर्मिळ! सुंदर!' आर्डिसनं वॉफलच्या यंत्राखाली लिहिलं होतं, 'तापतं. याहून चांगली मिळतात.' दिव्याखाली लिहिलं होतं, 'आम्हाला कधी आवडला नाही.' एका संध्याकाळी तिनं 'सुंदर' हा शब्द टाइप करून पाहिला, कान तापले, आणि पुसून टाकला.

मग तिनं बोरघिल्ड मावशीचा साचा काढला. नाताळात पापडासारखे पातळ, गोड क्रुमकाके भाजायचा, चुलीवर उलटापालटा करायचा बिडाचा साचा. घरात असे तीन होते. तिनं लिहिलं: 'नवऱ्याच्या मावशीचा. मूठ हलते. एका अंगाची नक्षी झिजली आहे, कारण मावशी नेहमी तेच अंग आधी विस्तवावर धरायची. पहिला क्रुमकाके चिकटतो, तो उभ्याउभ्या खाऊन टाकावा. पुढचे चिकटत नाहीत.'

तीन डॉलरपासून बोली ठेवली. दुसऱ्या सकाळी ती अकरा डॉलरवर गेली होती. संध्याकाळी सव्वीस. ओरेगनमधली एक बाई आणि टेक्सासमधला एक माणूस हट्टाला पेटले होते. गुरुवारी आकडा साठाच्या पुढं गेला तशी आर्डिसची भूकच गेली.

"व्हर्लिन, हे लोक शुद्धीवर नाहीत."

"नसू देत. तुला काय करायचंय?"

"उद्या साचा हातात पडला की म्हणतील, म्हातारीनं गंडवलं." तिनं खुर्ची ओढली आणि आपल्या जाहिरातीखाली जोड लिहिली: 'बोली लावणाऱ्यांनी कृपया शुद्धीवर येऊन विचार करावा. साचा एवढ्या किमतीचा नाही. एखादा चर्चच्या विक्रीत स्वस्तात मिळेल. ज्यांना बोली मागे घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्यावी, मला राग येणार नाही.'

व्हर्लिननं खांद्यावरून वाचलं. "अगं, दुकान उघडून गिऱ्हाइकाला हाकलतेस? सगळ्यांनी मागे घेतली तर?"

"तर डबा लव्हॉनचा." आणि तिनं बटण दाबलं.

शुक्रवारी दुपारी लिलाव संपायचा होता. लव्हॉन रिकामं खोकं आणि जुनं ब्लँकेट घेऊनच आली. आर्डिसनं कॉफी ओतली, लव्हॉननं रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणून मग घेतली. तिघं पडद्यासमोर बसले. पान उघडायला इतका वेळ लागला, की व्हर्लिननं तेवढ्यात कॉफीबरोबरचे दोन बार, म्हणजे केकच्या वड्या, खाल्ल्या.

कुणीही माघार घेतली नव्हती. उलट दोन नवे लोक आत शिरले होते. आकडा चौऱ्याण्णव झाला, आणि तिथं लिलाव बंद झाला.

"चौऱ्याण्णव सेंट?" लव्हॉननं विचारलं.

"डॉलर," व्हर्लिन म्हणाला. बार त्याच्या हातातच राहिला.

"मी त्याला पन्नास सेंटांची चिठ्ठी लावली असती!"

"तेच तर मी लिहिलं होतं," आर्डिस म्हणाली.

ओरेगनच्या बाईचा निरोप आला होता. आर्डिसनं तो आधी मनात वाचला, मग मोठ्यानं वाचायला चष्मा पुसावा लागला. 'बाई, मी शुद्धीवर आहे. दुर्मिळ आणि सुंदर म्हणून घेतलेलं इथं माझ्या कपाटात पुष्कळ पडलंय. पहिला चिकटतो हे सांगणारी विक्रेती तुम्ही एकटीच. तुमच्याकडे आणखी काय आहे?'

लव्हॉननं खोकं पायानं टेबलाखाली सरकवलं. मग म्हणाली, "विक्रीसाठी आलेल्या सामानात एक जुनं बिडाचं भांडं आहे. मांडण्याआधी तुला दाखवायला आणू? पैसे चर्चला."

"आण. पण तडकलेलं असेल तर मी तडकलेलंच लिहीन."

"लिही बाई, लिही. तेच खपतंय म्हणतात."

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती. धान्याच्या कोठारावरचा ऑर्विल व्हर्लिनला सहज म्हणाला, "तुझ्या बायकोनं काहीतरी विकलं म्हणे."

व्हर्लिननं कप खाली ठेवला. "काहीतरी नाही," तो चारचौघांत, चांगल्या मोठ्यानं म्हणाला, "माझी बायको उत्तम विक्रेती आहे."

टेबलावरचे चमचे ढवळायचे थांबले. ऑर्विल आपल्या बशीत बघू लागला. किटली घेऊन उभ्या असलेल्या आर्डिसच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली चढत गेली. आता ती म्हणेल, छे, नशीब हो नुसतं, म्हणून सगळे थांबले.

ती ताठ उभी राहिली, ऑर्विलचा कप काठोकाठ भरला आणि म्हणाली, "साखर तिकडे आहे."