चष्मेवाले डॉक्टर

"आला! पहिला आला!" जोडारीने टेबलाला लाथ मारून खुर्ची मागे ढकलली. खुर्चीचं एक चाक गेलेलं, त्यामुळे साहेब तिरके होऊन भिंतीला टेकले. "मालक, चहा सांगा!"

मालकांनी काचेच्या केबिनमधून मुंडी बाहेर काढली. "कोण आला?"

"आपले चष्मेवाले डॉक्टर! आठवडाभर तिसऱ्यावर अडकून बसले होते. आता बीपीच्या गोळ्या बंद कशा करायच्या, असं कुणीही मोबाईलला विचारू दे, सगळ्यात वर आपलं पान."

"आणि आपली बीपीची पावडर?"

"पानावर पावडर, पावडरीवर बोट ठेवलं की थेट दुकान. लोक बघा कसे येतायत. हा आकडा बघा, मालक, पळतोय नुसता."

टायरच्या दुकानावरचं दोन खोल्यांचं ऑफिस. खालून रबराचा वास आणि वरून पंख्याची कुरकुर. तिथे जोडारी दिवसभर लिंका जोडायचा, म्हणून हे नाव. कामाची खुबी तो नव्या माणसाला एका दमात सांगायचा. "हे बघ, इंटरनेट म्हणजे भर बाजार. ज्याच्याकडे जास्त लोक बोट दाखवतात, तो मोठा. लिंक म्हणजे बोट. खरी माणसं बोट दाखवायला वेळ लावतात, म्हणून आपण बोटंच पैदा करायची." त्याने विणकामाची वेबसाइट काढली होती, माशांच्या टाकीची काढली होती, स्कूटरच्या कार्बुरेटरची काढली होती. स्वेटरचा गळा कसा घालायचा हे सांगता सांगता मध्येच एक वाक्य यायचं, आणि त्या वाक्याचं बोट चष्मेवाल्या डॉक्टरांकडे.

आणि डॉक्टर? डॉक्टर नव्हतेच. आधी त्याने विकतचा एक फोटो लावला होता, तर तोच डॉक्टर दुसऱ्या एका पानावर टूथपेस्ट विकताना सापडला. पंचाईत झाली. इंटरनेटवर कधीच न आलेला चेहरा हवा होता. मग जोडारीने घरचा खण उपसला आणि बाबांचा तरुणपणीचा फोटो काढला. बाबांनी उभा जन्म गोदामात वजनकाट्यापाशी काढला आणि जोडारी कॉलेजात असतानाच गेले. इंटरनेट त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जोडारीने त्यांना कॉम्प्युटरवर चष्मा चढवला, शर्टावर पांढरा कोट घातला आणि स्वतःशीच खो-खो हसला. "घ्या बाबा, बढती!"

पानाची पहिली ओळ त्याने झोकात लिहिली होती. 'काय, आज तब्येत कशी आहे?' पुढे भरताड. कोण वाचतंय? ते यंत्रासाठी लिहायचं असतं, यंत्र वाचतं आणि वर चढवतं. माणसाला वेळ आहे कुठे?

चहा यायच्या आत आईचा फोन आला. आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची.

"कामात आहेस का रे?"

"आई, तुझा मुलगा आज पहिला आलाय."

"शाळेत कधी आला नाहीस, आता कशात आलास?"

"ते राहू दे. तू बोल."

"काही नाही. डोकं धरलंय सकाळपासून. मागून, मानेतून वर चढतंय. म्हटलं बोलावं तुझ्याशी."

"गोळी घेतलीस?"

"गोळ्या सोडल्या मी."

"सोडल्या म्हणजे?"

"सोडल्या म्हणजे सोडल्या. चार-पाच दिवस झाले. शरीर म्हणजे काय औषधाचं कपाट आहे?"

जोडारीच्या हातातला पेन टेबलावर पडला. शरीर म्हणजे औषधाचं कपाट नव्हे. हे वाक्य त्याचं होतं. एका दुपारी, चहात बिस्कीट बुडवता बुडवता सुचलेलं. सुचल्यावर तो स्वतःवरच खूश झाला होता.

"आई, हे तुला कुणी सांगितलं?"

"मोबाईलला विचारलं. तूच नाही का शिकवलंस, बटण दाबायचं आणि बोलायचं... थांब रे, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. पाणी पिते जरा."

मग पेला पडल्याचा आवाज झाला. घरंगळत लांब गेला. "आई?" पलीकडे काहीच नाही. मग फोनही बंद.

त्याने पुन्हा लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मालक म्हणाले, "अहो जोडारी, चहा आला की!" तोवर जोडारी दोन-दोन पायऱ्या उतरत टायरच्या ढिगाला अडखळला होता.

बसमध्ये त्याचा गुडघा थांबेना. शेजारचा माणूस दोनदा त्याच्याकडे बघून खिडकीशी सरकला. जोडारीने मोबाईल काढला आणि विचारलं, बीपी वाढून अंधारी आली तर काय करावं. उत्तरांची रांग लागली. त्याने पहिलं बघितलं. हे गाद्यावाल्यांचं, त्याच्याच दोस्ताने चढवलेलं. दुसरं त्याने स्वतःच मागच्या पावसाळ्यात माशांच्या टाकीवरून वर ढकललं होतं. तिसरं म्हणत होतं, आडवं करा. चौथं म्हणत होतं, आडवं मुळीच करू नका. ते कुणी लिहिलंय? डॉक्टरने, की बिस्कीट बुडवत बसलेल्या एखाद्या जोडारीने? वाक्यं तर सगळ्यांची सारखीच, गोड, आत्मविश्वासाची. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरं उत्तर हवं होतं, आणि खरं कुठलं हे ओळखायची सोय त्यानेच ठेवली नव्हती.

त्याने मोबाईल खिशात कोंबला. सिग्नलला बस उभी राहिली, तेव्हा तो ड्रायव्हरवर ओरडला, "चला की हो!" ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "उडू का आता?"

लहानपणी दुसऱ्यांच्या घंटा वाजवून पळून जाण्यात जोडारीचा हात धरणारा कुणी नव्हता. तोच आज आईच्या दारावर दोन्ही हातांनी धडका देत होता, आणि आतून कुणीतरी उघडावं म्हणून त्याचा जीव गोळा झाला होता. समोरच्या शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप. "आई! आई, कडी काढ!" आवाज जिन्यात घुमून परत त्याच्याच अंगावर आला. त्याने दाराला कान लावला. आत पाण्याचा नळ वाहत होता. नुसता वाहत होता.

मग पावलं घासत आली. कडी निघाली.

"दार मोडतोस का, गधड्या?" आई एका हाताने भिंत धरून उभी होती. कपाळावर ओला रुमाल. चेहरा लालबुंद. "पेला पडला. वाकले तर गरगरलं, म्हणून तिथेच बसले."

"चल."

"कुठे? आणि तू इतका घामाघूम का?"

"आई, वाद घालू नकोस. चप्पल घाल."

पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी आईच्या दंडाला पट्टा बांधला. हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. जोडारी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं, हेच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

आईने सांगितलं.

"आजी, अशा एकदम बंद करतात का? नस फुटली असती डोक्यातली. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"डॉक्टरांनीच."

"कुठल्या?"

आईने पिशवीतून मोबाईल काढला, बोट फिरवलं आणि पुढे धरला. जोडारीने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर भिंत होती. तो भिंतच बघत राहिला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला. मग मान वर करून जोडारीकडे पाहिलं. पुन्हा फोटो, पुन्हा जोडारी. तेच रुंद कपाळ, तीच एक वर गेलेली भुवई.

"हे तुमचे कोण?"

आयुष्यभर थापा मारून भाकरी खाल्लेला माणूस, पण त्या क्षणी एक साधी थाप तोंडातून फुटेना.

"कुणी नाही हो," आईच म्हणाली. "माणसासारखी माणसं असतात."

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, ती आपल्यासमोर घ्यायला लावली आणि दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं. "पुन्हा मोजल्याशिवाय हलायचं नाही. हातपाय जड वाटले किंवा बोलताना जीभ अडखळली, तर लगेच हाक मारा."

बाकावर जोडारी आईच्या जिभेवर पहारा देत बसला.

"आई, काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. फक्त अडखळू नकोस."

"बरं. त्यांना चष्मा शोभत नाही."

"कुणाला?"

"तुझ्या बाबांना. नाकावरून घसरल्यासारखा दिसतो. कोट बरा आहे. पण कोटाच्या आतून शर्टाचं ते बटण दिसतंय बघ, दुसरं. बाकीची पांढरी, ते निळसर. घरात पांढरं नव्हतं, म्हणून मीच लावलं होतं. तुला वाटलं, मला ओळखू येणार नाही?"

जोडारीला पळून जावंसं वाटलं. पण आईच्या बोलण्यावर लक्ष ठेवायचं होतं.

"मग... मग तुला कळलं होतं, मीच लिहिलंय म्हणून?"

"अर्थात."

"तरी तू गोळ्या सोडल्यास?"

"म्हणून तर सोडल्या." आई शांतपणे म्हणाली, प्रत्येक शब्द स्वच्छ. "म्हटलं, बापाच्या तोंडी घालायचं म्हणजे याने चार ठिकाणी विचारून, खात्री करून घातलं असणार. थट्टामस्करी तू सगळ्यांची करतोस. त्यांची कशाला करशील?"

आत कुणीतरी खोकलं.

"आणि ती पहिली ओळ," आई म्हणाली. "आज तब्येत कशी आहे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला हे एकदाही विचारलं नाही. वाईट नव्हते, सुचायचंच नाही. आता रोज सकाळी उघडलं की विचारतात. मी उत्तरही द्यायचे."

दुसऱ्यांदा मोजलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा श्वास सोडला. "उतरतंय. उद्या परत या."

घरी आल्यावर आई आडवी झाली. जोडारीने नळ बंद केला, पेला उचलला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मोबाईलवर पान उघडलं. मालकांचे फोन येऊन गेले होते. पानाच्या खाली, त्याच्या एकट्यालाच दिसणारा आकडा होता. सकाळी ज्याच्यावर तो नाचला होता, तो. आता तो बघता बघता पुढे सरकला. मग पुन्हा सरकला. प्रत्येक वेळी कुठेतरी कुणीतरी गोळ्यांची पट्टी बाजूला ठेवत होतं का? मान धरून बसलेली कुणाची आई, पेला पडलेलं कुणाचं घर, आणि बस पकडून येणारं कुणी असेलच असं नाही.

पुसून टाकायला गेला, तर हात थांबला. पान पुसलं की दुसऱ्या नंबरवरचं वर येणार, आणि ते गाद्यावाल्यांचं, तेही गोळ्या सोडा म्हणणारं. पण विणकामाची, माशांची, कार्बुरेटरची सगळी बोटं तर अजून इकडेच दाखवत होती. लोक इथेच येणार होते.

"काढतोयस का रे त्यांना?" आतून आईने विचारलं.

"नाही."

त्याने पावडर काढली. कपाट काढलं. एकेक परिच्छेद काढत गेला, आणि शेवटी पहिली ओळ उरली. तिच्याखाली त्याने लिहिलं, गोळी घेतली का? आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मग बाबांचा कोट उतरवला.

मोबाईल पुन्हा वाजला. मालक. त्याने तो वाजू दिला.

सकाळी आई चहा घेऊन टेबलाशी बसली. तिने पान उघडलं आणि बराच वेळ बघत राहिली. चष्मा गेला होता. निळसर बटणाच्या शर्टातला माणूस थेट तिच्याकडे बघत होता.

"बरी आहे," ती त्याला म्हणाली, आणि पट्टीतून गोळी काढली.

दारात उभा जोडारी आकडा बघत होता. तो अजून सरकत होता.