बिनऔषधाची ताटली

तळघरातल्या प्रयोगशाळेची वीज तुम्हीच तोडलीत, वर बसलेल्यांनो. पाहुण्यांच्या मांडवात दिवे कमी पडत होते म्हणून.

बीबीनूरने जांभळा रंग निथळून ताटली खिडकीशी धरली आणि तिचे खांदे खाली आले. हिच्यात औषध नव्हतंच. नुसत्या पेशी आणि गोचीड-तापाचा विषाणू. विषाणूने पेशी खाल्ल्या की तिथे रंग धरत नाही, ताटलीची चाळण होते. हिला एकही भोक नव्हतं. म्हणजे वीज गेली तेव्हाच विषाणू शीतपेटीत वितळून मेला होता.

काल औषधाची ताटली अशीच अखंड निघाली, तेव्हा ही दुसरी रंगवायची बाकी असतानाच तिची मदतनीस अकमारल "सुयुंशी! सुयुंशी!" ओरडत वर धावली. सुयुंशी म्हणजे शुभवार्तेचं बक्षीस; ती आणणाऱ्याला रित्या हाताने परत पाठवत नाहीत. संचालक सैतकालींनी अंगातला कोट काढून तिला दिला, आणि तीच बातमी वर बसलेल्यांना पोचवून स्वतःची सुयुंशी उकळली. संध्याकाळी बातमी टीव्हीवर.

औषधाच्या रेणूचा डाव बीबीनूरच्याच डोक्यातला. विषाणू पेशीत शिरून आपली नक्कल रचू लागला, की हा खोटी वीट होऊन मधे बसतो. पुढची वीट चढत नाही. पण रचणारा जिवंत तर हवा! तो मेलेला असेल तर कालच्या अखंड ताटलीने काहीच सिद्ध होत नव्हतं.

फोन वाजला. भाऊ, तोलेगेन. मागे मेंढ्यांचा कालवा.

"ताई, लोकर कातरणीला बसलोय. यंदा हातमोजे फेकून दिले. गोचिडी नखाने चिरडतोय!"

"घाल ते, गाढवा."

"कशाला? तुझी गोळी आलीय ना! का टीव्ही खोटं बोलतो?"

मागची माणसं हसली. फोन बंद झाला.

दारात सैतकाली उभे होते. त्यांनी ताटली पाहिली, मग जमीन.

"दमलीस तू, बीबीनूर. घरी जा. ही ताटली राहू दे. पुन्हा करू सावकाश."

"बातमी मागे घ्या, आगा."

"दिलेली सुयुंशी कोणी परत घेतं का?"

कोपऱ्यात उभ्या अकमारलने त्यांचा कोट उतरवला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाह्या तिला लांबच होत होत्या.

बीबीनूरने भावाचा नंबर लावला आणि घंटी वाजत असतानाच फोन सैतकालींच्या हातात दिला.

"ह्या पेशींना औषधाचा थेंबही मिळाला नव्हता. मग ह्यांना वाचवलं कोणी? त्याला सांगा. बोला, आगा."