कांद्याचा पत्ता

मित्रांनो, मी हदगावच्या महामायाताईंचा जुना संगणक आहे. हल्ली लातूरला त्यांच्या नवऱ्याच्या, आनंदराजच्या खोलीत असतो.

आनंदराज नोकरीला लातूरला, ताई हदगावला. घरच्या इंटरनेटला पक्का पत्ता नव्हता, त्यामुळे बाहेरून कुणाला माझ्यापर्यंत येता येत नसे. ताईंनी एक गुप्त वाट शोधली. आनंदराजची हाक जगभरच्या अनोळखी यंत्रांतून फिरत यायची. कोण कुणाला हाक मारतंय, हे मधल्या कुणालाच कळत नसे. कांद्यासारखी पापुद्र्यांत गुंडाळलेली हाक, म्हणून पत्त्याच्या शेवटी 'ओनियन' लागे. त्याआधी छपन्न अक्षरं. तो पत्ता माझ्या पोटातल्या एका किल्लीतून निघाला होता.

"अहो, कांद्याच्या पत्त्यावर या. चिठ्ठी ठेवलीय," ताई फोनवर म्हणायच्या.

"भाकर तर खाऊ दे की!"

"घेऊन या भाकर. कांदा हाय इथं!"

चिठ्ठीत मोठं काही नसे. 'आज शेपू केली. तुमच्या वाटणीचं नाक मीच मुरडलं.' अशा चार वर्षांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या. आनंदराज यायचा, वाचायचा, जायचा. उतरवून त्यानं एकही घेतली नाही.

मग ताई गेल्या.

मरणानंतरच्या विधीला, पुण्यानुमोदनाला, पाहुणे येणार होते. माझ्यावर धूळ बसली होती. आनंदराज ताईंच्या धाकट्या भावाला, व्यंकटीला, म्हणाला, "तेवढं मशीन साफ करून ठेव."

व्यंकटीनं मला चादरीत गुंडाळून दुकानात नेलं. तिथं फॉरमॅट मारला.

"दाजी, लई साफ करून आणलं. आतून-बाहेरून, नवं कोरं!"

आनंदराजनं मला चालू करून पाहिलं. "धूळ म्हणलो होतो रे, बाबा. धूळ."

चिठ्ठ्या गेल्या. किल्लीही गेली, आणि किल्लीशिवाय तो पत्ता पुन्हा उभा राहत नाही. नांदेडच्या जाणकारानं मला चार दिवस ठेवून घेतलं आणि "आता काईच निघत न्हाई" म्हणून परत दिलं. व्यंकटी अजून दाजींसमोर येत नाही.

कामावरून आला की आनंदराज माझ्यासमोर बसतो. ती अक्षरं त्याला पाठ आहेत. हाक माझ्यातूनच निघते, जगभर मलाच शोधत फिरते आणि रिकामी परत येते. मी समोरच असतो, मित्रांनो, पण त्या नावाला मला ओ देता येत नाही.

धूळ पुसायची असेल तर धूळच म्हणा. आपल्या माणसाची चिठ्ठी वाचून झाली, तरी तिची एक प्रत जवळ ठेवा. शेपूची असली तरी.

तो पुन्हा अक्षरं टाकू लागलाय. अठ्ठेचाळीस झाली. आठ राहिलीत.