बाईंचा कॅरम आणि बंबवाले

मी एक जुना कॅरम आहे. माझ्या एका कोपऱ्याची जाळी फाटली आहे आणि कडेचा रंगही उडाला आहे. पण मित्रांनो, एके काळी माझ्यावर हात फिरवायला माणसं रांग लावत.

एका सुताराने मला टेलिफोन ऑफिसातल्या विश्रांतीच्या खोलीसाठी बनवलं. "लाकूड चांगलं मुरलेलं आहे, पोरींनो. पाण्यापासून जपा," असं बजावून तो गेला. सकाळभर लोकांचे फोन जोडून घसा कोरडा पडलेल्या मुली जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती जमायच्या. त्यांत आमच्या बाई सगळ्यांत तरबेज! त्यांच्या बोटाखालून स्ट्रायकर अलगद सुटायचा, राणी भोकात पडायची आणि समोरचीचं तोंड एवढंसं व्हायचं. पुढे यंत्रंच फोन जोडू लागली, ऑफिस बंद झालं, आणि मैत्रिणींनी मला बाईंच्या घरी पाठवून दिलं.

घरी तर माझा थाटच होता. संध्याकाळी डोक्यावर दिवा लागायचा, अंगावर पावडर पडायची. बाईंचे यजमान हरले की म्हणायचे, "आज बोर्डच वाकडा आहे." त्यांची लेक टाळ्या पिटत नाचायची. ते आवाज आठवले की अजून माझी फळी थरथरते.

मग यजमान गेले. लेक लग्न होऊन परदेशी गेली. मला पलंगाशेजारी दोन स्टुलांवर आडवं टाकलं गेलं आणि माझ्यावर एक जुनी चादर आली. चादरीवर औषधांच्या बाटल्या, चष्मा, चहाचा कप. बाईंना जिन्याची धास्ती बसली. त्या खाली उतरेनाशा झाल्या. ज्या आवाजाने सगळ्या गावाला एकमेकांशी बोलतं केलं, तो आवाज घरात दिवसचे दिवस उमटत नसे.

लेकीने तिकडूनच 'सोबती मंडळा'त आईचं नाव नोंदवलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं, गप्पा मारायच्या, असं या मंडळाचं काम. बाई फोनवर कडाडल्या, "मला राखण? मी काय पिकलेलं शेत आहे?"

तरी गुरुवारी बेल वाजलीच. दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. सारा जन्म आगीच्या बंबावर नोकरी करून नुकताच निवृत्त झालोय, मंडळाकडून आलोय, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी साखळी न काढताच विचारलं, "आग कुठे लागलीय?"

"अजून नाही, मावशी. पण तुम्ही चहा टाकलात तर मी आहेच विझवायला."

बाई हसल्या नाहीत, पण साखळी निघाली. आत दोघंही भिंतीकडे बघत बसले. शेवटी गृहस्थ निघायला उठले, तोच त्यांचा गुडघा मला लागला. बाटल्या घरंगळल्या, चहा सांडला. ओशाळून त्यांनी ओली चादर ओढली.

"अरे, हा तर कॅरम! खेळता तुम्ही?"

"खेळत होते. आता हात कापतो."

"माझा नेम तर लहानपणापासून कापतो. बघू या तरी!"

त्यांचा पहिलाच स्ट्रायकर उडून थेट पलंगाखाली गेला. "अहो बंबवाले, हा कॅरम आहे, गोफण नव्हे!" म्हणत बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. किती वर्षांनी त्या घरात हसू ऐकलं मी!

मग दर गुरुवारी डाव रंगू लागला. बाईंचा हात कापे, तरी राणी त्यांचीच. पण एका गुरुवारी बंबवाले आलेच नाहीत. पुढच्याही नाहीत. "कंटाळला असेल. म्हातारीचं कुणाला पडलंय," असं बाई पुटपुटल्या आणि सोंगट्या डब्यात भरू लागल्या. भरता भरता थांबल्या. फोन उचलून त्यांनी मंडळात चौकशी केली. बंबवाले न्हाणीघरात घसरून पडले होते. पाय प्लास्टरमध्ये, आणि घरात दुसरं कुणी नाही.

बाईंनी फोन ठेवला. "तोही एकटाच. आणि मी मेलीनं कधी विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला हाक मारली. तिने मला काखोटीला मारलं. बाईंनी कठडा धरला. निम्म्या जिन्यात त्या थांबल्या. शिंपीण म्हणाली, "आजी, परत फिरू या का?"

"वर चढण्यापेक्षा खाली उतरणं सोपं. चल!"

बंबवाल्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत एक खाट, एक खुर्ची, टेबलावर एकच ताट. बाईंना पाहून त्या आडदांड माणसाने टॉवेलात तोंड लपवलं.

"मावशी, तुम्ही? जिना उतरून?"

"मंडळात भेटायला जाणाऱ्यांत माझंही नाव घालायला सांगितलंय. रडणं आवरा आणि सांगा, पांढरी की काळी?"

आता मी एक आठवडा या घरी असतो, एक आठवडा त्या घरी. मित्रांनो, मला पुसा, कोरडं ठेवा, एवढंच माझं मागणं. पण माझ्याआधी आपल्या आसपासच्या माणसांकडे बघा. एकटा माणूस सहसा हाक मारत नाही, आपणच जावं लागतं. आणि खेळायला बसलात तर मुद्दाम हरू नका. म्हाताऱ्या माणसांना ते लगेच कळतं, आणि मुळीच आवडत नाही.