बूट बाहेर काढावेत

मी एक जुना काळा बूट आहे. डावा. मल्हारला नोकरी लागली ती माझ्यामुळे.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते बोललो नाही. शेवट आधीच कळला तर एका बुटाचं कोण ऐकणार?

मी जन्माने रेक्झिन. खोक्यावर मात्र 'अस्सल चामडे' असं छापलं होतं. खोक्याशी वाद कोण घालणार? २००१ साली लातूरहून भूगावला आलेल्या चंद्रकांतसाहेबांनी मला विकत घेतलं आणि मुलाखतीला घातलं. नोकरी लागली. पुढे महिनाभर त्यांनी मला रोज पॉलिश केलं. माझ्या कौतुकाचा काळ तेवढाच. मग त्यांच्या ऑफिसात सगळे कापडी बूट घालून यायला लागले आणि मी पलंगाखाली गेलो. उजवाही आला. मी त्याला बोलावलं नव्हतं.

त्यांच्याकडे बयाबाई भांडी घासायला येत. एकदा केर काढताना त्यांनी आम्हाला बाहेर ओढलं.

"सायेब, आमच्या मल्हारला इंटरव्ह्यूला व्हतील का वो?"

"न्या की. माप बघा पण."

माप कोणी पाहिलं नाही. मी नऊ नंबरचा, मल्हारचा पाय सातचा. घरी मेंढरं होती, म्हणून बयाबाईंनी माझ्या टोकात मूठभर लोकर कोंबली.

त्या घरात मल्हारची नोकरी फार गरजेची होती. वडील सिद्धू यांचे गुडघे गेले होते. मेंढरांमागे आता कोण हिंडणार, हा प्रश्न होता. मेंढरांना तो पडला नव्हता.

पहिली मुलाखत एका बिल्डरच्या ऑफिसात. मी निसटू नये म्हणून मल्हार पायाची बोटं आवळून बसला. बोटं आवळली की तोंडही आवळतं, हे मला तिथे समजलं.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "पोट दुखतंय का?"

"न्हाई," मल्हार दात आवळून म्हणाला.

नोकरी मिळाली नाही. पुढेही ठिकठिकाणी गेलो. सगळीकडे बोटं, सगळीकडे पोट. मी थकलो. उजवा थकला नाही, तो मुळातच आळशी.

मग २००६ मध्ये घोटावड्याकडच्या एका औषधी गोळ्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. दारावर पाटी होती. वॉचमन हैबतराव म्हणाले, "ए पावणं, बूट भाईर. आत लई सोच्छ असतंय."

मल्हार अनवाणी आत गेला. अंगठ्याला लोकरीचा पुंजका चिकटला होता. मी चपलांच्या रांगेत बसून राहिलो. आत काय झालं ते मला संध्याकाळी घरी कळलं.

"अनवानी गेलास?" बयाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मंग बूट कशाला नेला रं?"

"आये, बूट न्हवता म्हून तर बोललो! बोटं आवळायचीच न्हवती. सायेब म्हनला, पायाला ह्ये काय? म्हनलं, लोकर. बूट मोठा हाय, त्यात कोंबल्याली. त्यो लई हसला. सोमवारपासून या म्हनला."

"आन् ह्यो बूट?"

"कंपनी दुसरं देतीय. मापाचं."

घरात गूळ वाटला. मला कोणी दिला नाही.

तर मित्रांनो, नोकरी माझ्यामुळेच लागली. मी तिथे नव्हतो, यामुळे.

आता मी शेळ्या-मेंढरांच्या गवती झापाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराखाली असतो. करडाने माझी नाडी खाल्ली. उजव्यात कोंबडीने अंडं घातलं आणि सगळं घर त्याला बघायला आलं. मी दार धरून राहिलो. तुम्ही मात्र मुलाखतीला जाताना मापाचे बूट घाला आणि काम झाल्यावर त्यांना एकदा पुसा.

माननीय व्यवस्थापक, गोळ्यांचा कारखाना, यांस सविनय विनंती की, अर्जदार डावा बूट याने अनेक मुलाखती दिल्या असून ज्या मुलाखतीत नोकरी लागली ती त्यास पाहता आली नाही. तरी ती मुलाखत पुन्हा एकदा घेण्यात यावी व अर्जदारास आत बसू द्यावे. उजव्यास बोलावू नये.