विमानाच्या वाऱ्यावरचे बोंबील

मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं, त्या वर्षीची गोष्ट. आमच्या कवड्या बेटावर तेव्हा विमान यायचं. डहाणूच्या खाडीच्या तोंडाशी मूठभर घरांचं बेट, चालायला धड रस्ता नाही, आणि विमान. मुंबईच्या कुणा शेटला आमची ताजी पापलेटं तिकडच्या हाटेलांत पोचवायची होती. सोबत दोनतीन माणसंही न्यायचा. त्यासाठी मेल्यानं काय केलं, तर आम्ही बायका पिढ्यान्‌पिढ्या जिथं मासळी सुकवायचो ते खळंच घेतलं. पुरुषांनी अंगठे उठवले, आम्हांला विचारतो कोण? जमीन चोपून चुन्याच्या रेघा मारल्या, एका टोकाला झावळ्यांची खोपी घातली, तिच्यावर 'विमानतळ' अशी पाटी ठोकली आणि आत प्रल्हाद कारकुनाला बसवला. डहाणूचा शिकलेला पोरगा. आमच्याशी बोलायचा तो नाकाला रुमाल लावून.

आम्हांला उरली कडेची चिंचोळी पट्टी. तिथं बांबू रोवायचे, दोऱ्या ताणायच्या आणि बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायचे.

माझ्या चिमीचं लग्न चिंचणीत ठरलं होतं. मुलगा गुणाचा, पण सासू हिरूबाय. अख्ख्या चिंचणीच्या बाजारात तिच्या नाकाचा दरारा. थोरल्या सुनेच्या रुखवतातले बोंबील तिनं भर मांडवात हुंगून परत टोपलीत टाकले होते, आणि त्या सुनेची पोरं शाळेत जायला लागली तरी अजून ऐकवत होती. आणि माझी चिमी कशी, तर कुणी पायावर पाय दिला तरी 'पाय काढा' म्हणायची नाही. ही त्या घरात निभावणार कशी? पोरीला मी माझं तोंड देऊ शकत नव्हते. निदान बोंबील तरी असे द्यायचे, की हिरूबायला बोलायला जागा राहू नये.

बोंबील टांगले. दोन दिवस चांगलं ऊन लागलं आणि तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. वारा पडला, माडाचं पान हलेना. संध्याकाळपर्यंत वारा लागला नाही तर सगळ्याला वास सुटणार, आणि लग्न तोंडावर. मी डोक्याला हात लावून बसले.

शेजारची जानी आली. "यमुनाबाय, बसलीस काय? वारा येतोय की मुंबईवरनं, आज मंगळवार."

ती विमानाबद्दल बोलत होती. विमान उतरलं की खोपीकडे शेपूट करून उभं राहायचं. पायलट कावसजी पंखा कधी बंद करायचा नाही, कारण बंद केला की उतरून हातानं फिरवायला लागायचा. आणि त्या पंख्याचा वारा मागं असा सुटायचा की प्रल्हादची टोपी दर खेपेला खाडीत. खळं शेटनं घेतलं, वारा काही त्यानं विकत घेतला नव्हता. आम्ही बांबू उपटले आणि विमानाची शेपूट येते तिथं नेऊन रोवले.

प्रल्हाद धावत आला. "इथं परवानगी नाही."

"नसेल तर तूच काढ बाबा," जानी म्हणाली. बोंबलांना हात लावायचा म्हटल्यावर गडी मुकाट खोपीत जाऊन बसला.

विमान आलं. त्या दिवशी जाणार होते शांतारामआजोबा, मुंबईला मुलाकडे. त्यांना आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, आजोबा, घाई करायची नाही. म्हाताऱ्याला तेवढंच पाहिजे होतं. आधी चप्पल घरी राहिली. मग देवीच्या पाया पडायचं राहिलं. मग जानी त्यांच्या गळ्यात पडून जी रडायला लागली, नात्याची ना गोत्याची, की बाकीच्या बायकांनीही सूर धरला. खिडकीतून बघता बघता कावसजीचेच डोळे भरून आले.

"सावकास, बाय, सावकास," तो म्हणाला. "घरडा माणस छे, म्हातारा हाय, रडून घेऊ दे त्येला."

एवढं करून बोंबील नुसते डुलत होते. मग मीच खिडकीपाशी गेले. "सायेब, उजवीकडनं काहीतरी खडखडतंय."

"होय के?" त्यानं कान दिला आणि हाताशी एक दांडा होता तो पुढं रेटला. पंखा गरजला. बोंबील दोरीवर आडवे झाले.

"अजून येतंय, सायेब."

त्यानं आणखी रेटला. खोपीच्या झावळ्या गेल्या, पाटी गेली, प्रल्हाद टेबलाला मिठी मारून बसला. कावसजीला खडखड काही सापडली नाही. सापडणार कुठनं? माझे बोंबील मात्र कडकडीत वाळले.

लग्नात हिरूबाय रुखवतापुढं मांडी ठोकून बसली. मागं चिंचणीच्या चारचौघी. तिनं एक बोंबील उचलला, वाकवला. काटकन मोडला. माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं तो नाकाशी नेला. एकदा हुंगला. परत हुंगला.

"विहीणबाय, याला वास कसला येतो?"

पेट्रोल. पंख्याच्या वाऱ्याबरोबर विमानाचा धूर मागं जातो, हे आमच्या दोघींच्या टाळक्यात आलंच नव्हतं. जानी भुई बघायला लागली.

चिमीनं मुंडावळ्या बाजूला केल्या. मान खाली, आवाज बारीक.

"विमानाचा आहे, आत्याबाय. आमच्याकडं असाच येतो. तुम्हांला माहीत नसेल."

हिरूबायनं पोरीकडं पाहिलं. मग मागं कान टवकारून बसलेल्या बायकांकडं पाहिलं.

"माहीत नसायला काय झालं?" ती म्हणाली. "मी आधीच ओळखला." आणि तो तुकडा तिनं शेजारणीच्या नाकाशी धरला. शेजारणीनं हुंगून मान डोलावली. बोंबील मांडवभर फिरला आणि ज्या त्या बाईनं, हो गो, विमानाचाच, म्हणून सांगितलं.

चिमीनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. पदर सारखा करून सासूशेजारी सरकून बसली.

पाठवणीला सगळ्या रडल्या. जानी मला कोपरानं ढोसत होती, अगो, रड, लोक बघतात. पण मला रडू येईना. मला हिरूबायचीच दया यायला लागली होती.