आवरलेली वाळू

नदी समुद्राला मिळते तिथलं जंगल पुरात कमरेइतक्या पाण्यात उभं राहतं. पाणी ओसरलं तरी खोडांवर गाळाची रेघ राहते. जंगलापुढे वाळूचा लांबट दांडा आहे. अभयारण्यातला सर्वांत नाजूक भाग हाच, कारण सुरय पक्षी तिथे उघड्या वाळूवर अंडी घालतात.

नवा रखवालदार आधी हॉटेलात खोल्या आवरायचा. इथे येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि जुनी सवय काही सुटत नव्हती. शाळेची मुलं येणार होती म्हणून त्याने सकाळीच दांडा लख्ख केला. पक्षी डोक्यावर किंचाळत होते; ते रोजच किंचाळत असतील, असं त्याला वाटलं.

मुलांना घेऊन होडी आली. होडी त्याची मावशी चालवायची. काठावर नीट बांधलेली काटक्यांची मोळी पाहून तिचं वल्हं थांबलं.

“ही कुठली रे?”

“वाळूत खोचलेल्या होत्या. कचरा नुसता!”

“अरे शहाण्या, एकेका घरट्याशेजारी एकेक खोचली होती मी! चादरी झटकायची खोड इथेही नडली ना?”

त्याचा चेहरा उतरला. अंडी वाळूच्याच रंगाची. खुणा नसतील तर गस्तीवर जाणारा प्रत्येक पाय त्यांच्यावर पडणार, आणि पहिला त्याचाच.

मावशी मुलांकडे वळली. “कुणी उतरायचं नाही. पाखरं खाली बसली की प्रत्येकाने एकेक जागा धरून ठेवायची. डोळ्यांनी हं, हातांनी नव्हे!”

मोळीसकट त्यालाही चढवून घेऊन होडी मागे सरली. बऱ्याच वेळाने पक्षी एकेक करून बसले. मग होडी पुन्हा काठाला लागली, आणि मोळी घेऊन तो अनवाणी उतरला. पक्षी उडाले, पण मुलांच्या नजरा हलल्या नाहीत.

“काका, डावीकडे!”

“अहो थांबा, पायाशीच आहे!”

“माझं त्या शिंपल्याच्या अलीकडे!”

काटक्या एकेक करून जागच्या जागी गेल्या. हातात एकच उरली.

“माझं पाखरू बसलंच नाही,” एक मुलगी म्हणाली. “त्या खड्ड्यावर नुसत्या घिरट्या घालत होतं.”

तो तिथे गेला. खड्डा म्हणजे त्याच्याच बुटाचा सकाळचा ठसा होता. आत टरफलं आणि वाळलेला पिवळा बलक.

सवयीने हात टरफलं गोळा करायला खाली गेला. मग त्याने तो मागे घेतला, आणि शेवटची काटकी तिथे खोचली.